अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी एकत्र शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) आणि फिजिऑलॉजी (शरीरक्रिया) हे दोन विषय शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांच्या घरी फारसं जाणं-येणं नसतं. मी फिजिऑलॉजी शिकवते. गेली काही वर्षं अ‍ॅनाटॉमीच्या एका सहकाऱ्याबरोबर काही भाग एकत्र शिकवतेय. त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले ते इथे आहेत. काही शिक्षकांचे आहेत, काही विद्यार्थ्यांचे, आणि एक-दोन आमचे आम्हीच एकमेकांना भांडणात विचारलेले.

दोन्ही विषयांत मूत्रपिंड एकाच आठवड्यात घेतलं, की झालं ना एकत्रीकरण?

नाही, ते झालं वेळापत्रक. सोमवारी अ‍ॅनाटॉमीचे सर मूत्रपिंडाच्या पुढे काय, मागे काय ते सांगून जातात. मंगळवारी फिजिऑलॉजीच्या मॅडम गाळणीची सूत्रं फळ्यावर मांडतात. विद्यार्थ्याकडे दोन वह्या असतात, आणि दोन वह्यांमध्ये दोन मूत्रपिंडं तयार होतात. एकाला आकार आहे पण ते काही करत नाही, दुसरं दिवसाला १८० लिटर गाळतं पण ते शरीरात कुठे आहे याचा पत्ता नाही.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या रोनाल्ड हार्डन यांनी २००० साली एकत्रीकरणाची अकरा पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या पायरीवर प्रत्येक विषय आपापल्या खोलीत, दार लावून बसलेला. सगळ्यात वरच्या पायरीवर भिंतीच उरत नाहीत. दोन विषयांनी एकच अवयव एकाच सुमारास शिकवणं ही त्यातली पाचवी पायरी. पाचवीला पोचलं की आपण वर आलो असं वाटतं, आणि माझ्या पाहण्यातले बरेच प्रयोग तिथेच ठाण मांडून बसले.

माझी कसोटी साधी आहे. त्या आठवड्यात असा एखादा प्रश्न विचारता येतो का, जो नुसती अ‍ॅनाटॉमी येणाऱ्याला सुटणार नाही आणि नुसती फिजिऑलॉजी येणाऱ्यालाही नाही? तो प्रश्न आधी ठरवायचा. तास, स्लाइड, प्रॅक्टिकल, वेळापत्रक हे सगळं त्याच्यामागून येतं.

पण मुळात हे विषय वेगळे झालेच कशाला?

फार जुनी गोष्ट नाही ती. जोहानेस म्युलर १८३३ पासून बर्लिनमध्ये शिकवत होते, तेव्हा शरीररचना आणि शरीरक्रिया यांचं प्राध्यापकपद एकच होतं. १८५८ मध्ये ते वारले आणि त्या पदाचे दोन तुकडे झाले. रचना एकाकडे गेली, क्रिया दुसऱ्याकडे. तोवर फिजिऑलॉजी हा प्रयोगशाळेचा विषय झाला होता. बेडकाचा स्नायू, विजेचं यंत्र, काजळी फासलेल्या फिरत्या ढोलावर उमटणारी रेघ, हे सगळं डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहाच्या विच्छेदनाच्या दालनात, मावणारं नव्हतं. संशोधनासाठी वेगळं व्हावंच लागलं, आणि त्याचा फायदाही झाला. घोळ इतकाच झाला, की संशोधकांच्या सोयीची विभागणी विद्यार्थ्यांच्या माथी मारली गेली.

त्याआधीचा एक किस्सा मी पहिल्याच तासाला सांगते. इटलीतल्या पदुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी शिरांमधल्या झडपा नीट पाहिल्या आणि १६०३ मध्ये त्यांची उत्तम चित्रं छापली. रचनेत खोट काढायला जागा नव्हती. पण या झडपा कशासाठी, याचं उत्तर त्यांनी दिलं, की हातापायांकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग कमी करण्यासाठी! त्यांच्या मते शिरांमधून रक्त बाहेरच्या दिशेलाच जात होतं. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वी यांनी त्याच झडपांकडे पाहून विचारलं, की रक्त जाऊ कुठल्या दिशेने शकतं? १६२८ मध्ये त्यांचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक आलं. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त पुढे ढकलतं तेवढं सबंध शरीरात नसतंच, तेव्हा ते फिरून परत यायलाच हवं, हा त्यांचा हिशोब.

त्यांचा झडपांचा प्रयोग वर्गात आजही दोन मिनिटांत होतो. दंडाला पट्टा बांधा, रक्त काढताना बांधतात तेवढाच घट्ट. पुढच्या हातावरच्या शिरा फुगतात आणि त्यांच्यात मधूनमधून छोट्या गाठी दिसतात. त्या झडपा. मनगटाच्या बाजूला एका शिरेवर बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुढे सारत पुढच्या गाठीपलीकडे न्या आणि हे दुसरं बोट उचला. वरून रक्त परत येत नाही, मधला तुकडा सपाटच राहतो. आता खालचं बोट उचला. शीर झर्रकन भरते. झडप ही रचना आणि एकदिशा प्रवाह ही क्रिया, दोन्ही एका शिरेवर एका वेळी दिसतात. पट्टा लगेच सोडायला मात्र विसरू नका.

हार्वी यांनाही एक जागा भरता आली नाही. धमन्यांतलं रक्त शिरांत पोचतं कसं? ते १६५७ मध्ये वारले. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्या इटलीतल्या माल्पिघी यांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या १६६१ मध्ये. म्हणजे एकदा रचना आधी कळली आणि क्रिया मागून, आणि एकदा बरोबर उलटं झालं. खालच्या एका प्रश्नात हे पुन्हा येणार आहे.

एक तास प्रत्यक्षात कसा दिसतो?

आमचा सगळ्यात जमलेला तास सांगते. रुग्ण कागदावरचा आहे, आम्हीच रचलेला. वय २२. उथळ पाण्यात सूर मारला, डोकं तळाला आपटलं. शुद्धीवर आहे, बोलतो आहे. खांदे उडवतो, कोपर वाकवतो, पण वाकवलेलं कोपर ताकदीने सरळ करता येत नाही. पाय हलत नाहीत. श्वास घेताना पोट वर येतं आणि छाती चक्क आत जाते. रक्तदाब ८४/५०, नाडी ५२, हातपाय कोमट आणि कोरडे.

पहिला प्रश्न, इजा कुठे? कोपर वाकवणाऱ्या बायसेप्सला मज्जारज्जूच्या सी-५ आणि सी-६ या पातळ्या (सी म्हणजे मानेतल्या, वरून खाली मोजलेल्या) लागतात, सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सला मुख्यतः सी-७. म्हणजे सी-६ पर्यंतचा रज्जू शाबूत. ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची, ती जीवघेणी आकृती इथे पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला येते.

दुसरा प्रश्न, मग श्वास चालू कसा? श्वासपटलाला फ्रेनिक नर्व्ह येते सी-३, ४, ५ मधून, इजेच्या वरून. माझे सहकारी इथे थांबून विचारतात, की छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला नर्व्ह मानेतून कशाला? कारण गर्भात त्या पडद्याची सुरुवात मानेच्या पातळीवर होते, आणि खाली उतरताना तो आपली नर्व्ह ओढत आणतो. मुलांच्या चेहऱ्यावर "अच्छा!" दिसतं ते या वाक्याला. आता बरगड्यांमधले स्नायू पाहा. त्यांच्या नर्व्ह छातीच्या पातळीवरून निघतात, त्या सगळ्या इजेच्या खाली. श्वासपटल खाली ओढलं गेलं की छातीतला दाब आणखी घटतो, आणि सैल पडलेली छातीची भिंत त्या ओढीने आत जाते. आता छातीतल्या दाबाचा आलेख फळ्यावर काढला तर कुणी जांभई देत नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. या मुलाची पाठ सरळ ठेवून त्याला बसतं करता येईल असं समजा. श्वास बसल्यावर बरा होईल की झोपल्यावर? वर्ग एका सुरात सांगतो, बसल्यावर, कारण धाप लागलेल्या माणसाला बसवतात हे घरीही माहीत असतं. उत्तर आहे, झोपल्यावर. पोटाचे स्नायू लुळे पडलेत. बसवलं की पोटातले अवयव खाली-पुढे येतात, श्वासपटल खाली उतरून सपाट होतं, त्याचे तंतू आखूड होतात, आणि आधीच आखूड झालेला स्नायू जोर कमी लावतो. झोपवलं की तेच अवयव त्याला वर ढकलतात, घुमट पुन्हा उंच होतो, तंतू ताणले जातात. स्नायूची लांबी आणि ताकद यांचं नातं मी पूर्वी बेडकाच्या पोटरीवर शिकवायचे. तोच आलेख, पण आता त्यावर एका माणसाचा श्वास अवलंबून आहे.

चौथा प्रश्न, रक्तदाब इतका कमी असताना नाडी मंद का? रक्तस्राव असता तर नाडी धावली असती आणि त्वचा गार पडली असती. इथे सिम्पथेटिक तंतूंची, म्हणजे नाडी वाढवणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या तंतूंची, वाट तुटली आहे. ते रज्जूतून बाहेर पडतात टी-१ (छातीची पहिली पातळी) ते एल-२ (कमरेची दुसरी) या पट्ट्यात, म्हणजे सगळेच इजेच्या खाली. हृदय मंद करणारी व्हेगस नर्व्ह मात्र मेंदूच्या बुंध्यातून निघते आणि रज्जूत न शिरता मानेतून परस्पर खाली येते, ती सहीसलामत. रक्तवाहिन्या सैल पडून दाब घसरला, हृदयावर फक्त व्हेगसची सत्ता उरली. एखादी नर्व्ह कुठल्या वाटेने जाते हे माहीत नसेल तर नाडी ५२ का, हे सांगताच येणार नाही.

वेळ उरला तर पाचवा, त्याला खोकता का येत नाही? हा मी वाचकांवर सोडते. पोटाच्या स्नायूंची नर्व्ह कुठून येते ते पाहा.

सगळेच भाग असे एकत्र बसतात का?

मुळीच नाही, आणि बसवायला जाऊ नये. श्वसन, हृदय, मूत्रपिंड, मज्जासंस्था, कान, डोळा, पचनमार्ग हे सुंदर बसतात. तळहाताचे थर, जांघेतला इन्ग्वायनल कॅनॉल, मानेचे त्रिकोण ही निखळ अ‍ॅनाटॉमी आहे. तिचा खरा जोडीदार शस्त्रक्रियेचा विभाग, आम्ही नाही. तसंच पेशीपटलावरचा विद्युतभार किंवा रक्तातल्या आम्ल-अल्कलीचा तोल शिकवताना मला डिसेक्शन टेबलाची गरज पडत नाही.

पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही पायाचा तळवासुद्धा "एकत्र" घेतला होता. मी चालण्याच्या ऊर्जेवर दहा मिनिटं काहीतरी बोलले. त्या दहा मिनिटांची आठवण आली की मी अजून विषय बदलते.

डिसेक्शन कमी करायचं का?

नको. मृतदेहावर हात ठेवून शिकलेली जागा बोटं विसरत नाहीत. पण तो टेबलावरचा देह काय सांगू शकत नाही, हे त्याच टेबलापाशी उभं राहून सांगायला हवं.

मृत्यूनंतर धमन्या बऱ्याचशा रिकाम्या सापडतात. प्राचीन ग्रीक वैद्य एरासिस्ट्रेटस यांनी त्यावरून धमन्यांतून रक्त नव्हे तर वायू वाहतो असा सिद्धान्त केला, आणि त्यांचं निरीक्षण तसं चुकीचं नव्हतं. त्यांना दिसलेली धमनी मेलेल्या माणसाची होती, एवढंच. आमचे विद्यार्थी याच जातीच्या चुका करतात, फक्त छोट्या. फॉर्मलिनने कडक झालेलं फुप्फुस हातात घेतल्यावर ते फुगतं-आकसतं हे मनाला पटत नाही. यकृताची खालची कड बरगड्यांपाशी आहे असं पाठ केलं जातं, पण ती श्वासागणिक खाली-वर होते आणि म्हणूनच पोट तपासताना डॉक्टर "मोठा श्वास घ्या" म्हणतात, हा दुवा जुळत नाही.

यावर आम्ही एक सोपी गोष्ट करतो. डिसेक्शन हॉलमध्ये फुप्फुसाची खालची कड पाहून झाली, की त्याच दिवशी प्रॅक्टिकलला मुलं एकमेकांच्या पाठीवर बोटांनी ठोकून तीच कड शोधतात. पूर्ण श्वास सोडून एक खूण, पूर्ण श्वास घेऊन दुसरी. मधलं अंतर पट्टीने मोजायचं. कुणाचं तीन सेंटिमीटर येतं, कुणाचं पाच. पोहणारी एखादी मुलगी असली की सगळे तिच्याकडे गोळा होतात. सोनोग्राफीचं यंत्र हाताशी असेल तर सोन्याहून पिवळं, श्वासपटल सरकताना पडद्यावर दिसतं. पण पट्टी आणि पेन यांनीही काम भागतं.

हिस्टॉलॉजी आणि एम्ब्रिऑलॉजी कुठे घालायच्या?

हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींची सूक्ष्म रचना, हा तर दोन्ही विषयांमधला पूलच आहे. मूत्रपिंडातल्या नळीचा सुरुवातीचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशसारखा का दिसतो, याचं उत्तर एका शब्दाचं आहे, शोषण. स्लाइड ओळखून नाव लिहिलं की दोन गुण, हा प्रकार थांबवून "या कडेवरून या पेशीचं काम ओळखा" असं विचारून पाहा.

एम्ब्रिऑलॉजीला, म्हणजे गर्भाच्या वाढीच्या अभ्यासाला, मात्र मी बरीच वर्षं नाकं मुरडली. माझं मत बदललं ते गर्भाच्या रक्ताभिसरणामुळे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, म्हणजे कर्णिकांमधल्या, पडद्याचे दोन पापुद्रे, एकाच्या भोकावर दुसऱ्याची झडप, हे अ‍ॅनाटॉमीत घोकताना डोकं गरगरतं. त्याला दाब जोडा. गर्भात फुप्फुसं बंद, म्हणून उजव्या बाजूचा दाब जास्त, तो पापुद्रा डावीकडे ढकलतो आणि रक्त पलीकडे जातं. बाळ पहिला श्वास घेतं, फुप्फुसांतला अडथळा एकदम घटतो, तिथलं रक्त परतून डाव्या कर्णिकेत भरतं, डावीकडचा दाब वाढतो, आणि तोच पापुद्रा भोकावर दाबून बसतो. दार आपोआप लागतं. पापुद्रा डाव्या बाजूलाच का हवा, हे आता घोकावं लागत नाही.

दोन विषयांचे शिक्षक एका वर्गात सुखाने नांदतात का?

सवय लागली की नांदतात. सुरुवातीला एक जण बोलतो आणि दुसरा मोबाइल बघतो.

खरी अडचण मानापमानाची नसून शब्दांची निघते. एकदा मूत्रपिंडावरच्या तासानंतर एक मुलगी वही घेऊन आली आणि विचारलं, "मॅडम, ही डिस्टल स्ट्रेट ट्यूब्यूल आणि ही थिक असेंडिंग लिम्ब, यांतली आधी कुठली येते?" तिच्या आकृतीत एका नेफ्रॉनला, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणी आणि नळीच्या एका संचाला, एक नळी जास्त होती. दोन्ही एकच आहेत! हिस्टॉलॉजीत पहिलं नाव चालतं, आमच्यात दुसरं. सहकाऱ्यांनी तासभर त्यांचं नाव वापरलं, मी तासभर माझं, आणि आम्हा दोघांना ते जाणवलंही नाही, कारण आम्हाला दोन्ही नावं माहीत होती.

त्यानंतर आम्ही प्रत्येक भागाआधी दोघांच्या स्लाइड शेजारी ठेवून नावांची एक यादी करतो आणि वर्गात एकच नाव वापरतो. दुसरं नाव एकदा सांगून टाकायचं, बस. यादी करतानाच आमचं बरंच शिकून होतं. ती नळी वर येताना बरोबर आपल्याच ग्लोमेरुलसला, म्हणजे गाळणीला, जाऊन चिकटते, आपल्याच नेफ्रॉनच्या, शेजारच्या नाही, हे मी वर्षानुवर्षं एका वाक्यात उरकत होते. सहकाऱ्यांनी त्रिमितीय चित्र समोर ठेवलं तेव्हा कळलं, की नळीतल्या मिठाची खबर गाळणीच्या तोंडाशी पोचवणारी अख्खी यंत्रणा त्या चिकटण्यावर उभी आहे. ही जागा निसर्गाने "जुळवून" ठेवली असं म्हणायचा मोह होतो, आणि तो आवरावा.

आधी रचना शिकवायची की आधी क्रिया?

फॅब्रिशियस आणि माल्पिघी यांची गोष्ट वर आलीच आहे. इतिहासाने दोन्ही क्रमांनी काम चालवलं, आपणही चालवावं. ढोबळ नियम विचाराल तर ज्याचं चित्र डोळ्यापुढे आणणं अवघड, ते आधी दाखवा. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळ्या हातात धरता येईल एवढ्या मोठ्या प्रतिकृतीवर पाहिल्याशिवाय भोवळीचं बोलणं हवेत जातं. उलट हृदयाचे आवाज आधी स्टेथोस्कोपने ऐकवा, मग झडपा उघडून दाखवा. आवाज कुठून आला याची उत्सुकता हातात सुरी घ्यायला लावते.

परीक्षा वेगवेगळी असेल तर या सगळ्याचा उपयोग काय?

फारसा नाही. हे मी जड मनाने लिहितेय. विद्यार्थी परीक्षा बघून अभ्यास करतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. एका पेपरात "हृदयाचा रक्तपुरवठा सांगा" आणि दुसऱ्यात "कोरोनरी अभिसरणाची वैशिष्ट्ये लिहा" असं विचारलं, तर आम्ही वर्गात कितीही पूल बांधले तरी मुलं नदीच्या दोन काठांवर वेगवेगळीच राहणार.

दोन पेपर ठेवूनही प्रश्न बदलता येतात. उदाहरणार्थ: "उजवी कोरोनरी धमनी सुरुवातीलाच बंद पडली. रुग्णाची नाडी ४० झाली. कारण सांगा." बहुतेक माणसांत एव्ही नोडला, म्हणजे वरच्या कप्प्यांतला विद्युत संदेश खाली पोचवणाऱ्या गाठीला, रक्त याच धमनीतून मिळतं, ही अ‍ॅनाटॉमी. नोड मंदावला की वरून येणारा संदेश जवनिकांपर्यंत, म्हणजे खालच्या कप्प्यांपर्यंत, पोचत नाही आणि त्या आपल्या संथ गतीने चालू लागतात, ही फिजिऑलॉजी. उत्तर पाच ओळींचं, पण ते अर्धं कुणालाच लिहिता येत नाही.

किंवा व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न: कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये हृदयाचा तंतुमय सांगाडा नसता तर ईसीजीत काय दिसलं असतं? घोकणारा मुलगा "झडपांना आधार मिळाला नसता" एवढं सांगून थांबतो. विचार करणारी मुलगी सांगते, की तो सांगाडा वीजरोधक आहे. तो नसता तर विद्युत लाट कुठूनही खाली उतरली असती आणि एव्ही नोडमधला सुमारे एक दशांश सेकंदाचा थांबा टळला असता. मग विचारायचं, असं खरंच कुणाला होतं का? काहींच्या हृदयात जन्मतः त्या सांगाड्यातून पलीकडे जाणारा स्नायूचा एक चोरटा धागा असतो, आणि त्यांच्या ईसीजीत पीआर अंतर, म्हणजे कर्णिकांच्या लाटेपासून जवनिकांच्या लाटेपर्यंतचा वेळ, खरंच आखूड दिसतं.

एकत्र शिकून मुलं कच्ची राहतात असं म्हणतात. खरं आहे का?

भीती अगदीच निराधार नाही. क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५२ मध्ये विषयांऐवजी अवयवसंस्थांवर बेतलेला अभ्यासक्रम सुरू केला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून त्याही पुढे जाऊन रुग्णाच्या समस्येपासून शिकवायला सुरुवात केली. या समस्याधारित पद्धतीवरच्या अभ्यासांचे दोन मोठे आढावे १९९३ मध्ये आले. विद्यार्थ्यांना ही पद्धत जास्त आवडते आणि रुग्ण तपासण्यात ते मागे पडत नाहीत, असं त्यांत दिसलं. पण मूलभूत विषयांच्या परीक्षांत काही ठिकाणी त्यांचे गुण थोडे कमी आले. समस्याधारित शिक्षण आणि आमचं दोन विषयांचं एकत्रीकरण ही एकच गोष्ट नव्हे, तरीही इशारा घेण्यासारखा आहे.

माझा अनुभव असा, की कच्चेपणा येतो तो गाळलेल्या पायाभूत तासांमुळे. रुग्णाची गोष्ट रंगते आणि नर्व्हच्या फांद्या राहून जातात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक एकत्रित तासाआधी दोन्ही विषयांचा साधा, रुक्ष, पाठ करायचा भाग होतोच. पाठांतराला नावं ठेवायची सध्या पद्धत आहे. सी-३, ४, ५ पाठ नसेल तर तो सूर मारलेला मुलगा वर्गात कुणालाच सोडवता येणार नाही.

आमच्याकडे दोन्ही विषय वेगळेच शिकवतात. मी विद्यार्थी आहे, एकट्याने काय करू?

वहीचं डावं पान अ‍ॅनाटॉमीला, उजवं फिजिऑलॉजीला, अवयव एकच. डाव्या पानावरच्या प्रत्येक नावासमोर उजवीकडे एक ओळ लिहायची, "हे कापलं, बांधलं किंवा बंद पडलं तर काय होईल?" उजव्या पानावरच्या प्रत्येक क्रियेसमोर डावीकडे लिहायचं, "हे नेमकं कुठे घडतं?" जिथे ओळ सुचत नाही तिथे रिकामी जागा सोडा. त्या रिकाम्या जागा घेऊन शिक्षकांकडे जा. तुमचा प्रश्न दुसऱ्या विषयाचा आहे असं म्हणून कुणी परत पाठवलं, तर प्रश्न चांगला आहे असं समजा.

यात वेळ जास्त जातो का?

शिक्षकांचा, पहिल्या वर्षी, भरपूर. विद्यार्थ्यांचा नाही. दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलेली फुप्फुसाची रचना तीच असते, ती एकदाच सांगितली तरी चालते.

सुरुवात कुठून करावी?

श्वसनापासून. रचना फार गुंतागुंतीची नाही, क्रिया स्वतःच्या छातीवर अनुभवता येते, आणि दोन्ही विषयांत तिला जवळपास सारखाच वेळ मिळतो. एकच संस्था, एकच आठवडा, आणि आठवड्याच्या शेवटी दोघांनी मिळून काढलेला एक प्रश्न. वरिष्ठांकडे अख्ख्या वर्षाचा आराखडा घेऊन गेलात तर समिती नेमली जाईल. एका आठवड्याची परवानगी बहुधा तोंडी मिळते. आणि त्या आठवड्यात सहकाऱ्याच्या प्रत्येक तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसा, वहीसकट.

बायोकेमिस्ट्रीने काय घोडं मारलंय?

काहीच नाही. आमच्या मूत्रपिंडाच्या आठवड्यात त्यांचे सर आपणहून येऊन शेवटच्या बाकावर बसले आणि अमोनिया कुठल्या पेशीत तयार होतो त्यावर आम्हा दोघांनाही दुरुस्त करून गेले. पुढच्या आठवड्याच्या नावांच्या यादीत तिसरा रकाना आखलाय.